किलवरची सत्ती आणि वाकून नमस्कार

माझी नोकरी एकदाच जाता जाता राहिली, आणि ती एका वाकून केलेल्या नमस्कारामुळे. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी गंमत करतेय. मलाही त्या दिवशी बराच वेळ तसंच वाटत होतं. पण माझ्या पायांतले बूट काढून तपासायला घेतले तेव्हा खात्री पटली, की गंमत नाही.

आधी नोकरीविषयी. मी लास व्हेगसमध्ये पोकरची डीलर होते. म्हणजे पत्ते पिसायचे, वाटायचे, आणि मधल्या पैशांवर लक्ष ठेवायचं. नवऱ्याची, सुहासची, कॅलिफोर्नियातली सॉफ्टवेअरची नोकरी दोन हजार एकच्या मंदीत गेली. कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही स्वस्त घराच्या नादानं या वाळवंटात आलो. त्याला काम मिळेना. मी साताऱ्याच्या मराठी शाळेतली, बी.एस्सी., कामाचा अनुभव शून्य. एका दुकानाबाहेर पाटी दिसली, पत्ते वाटायला शिका, नोकरी मिळवा. मी हसले, आणि सहा आठवड्यांनी माझ्या छातीवर बिल्ला होता. इथल्या कॅसिनोत बिल्ल्यावर नावाखाली गावही लिहितात. माझ्या बिल्ल्यावर होतं, नीलिमा, सातारा, इंडिया.

घरी सांगायला मी घाबरत होते. माझे वडील, करंदीकर सर, गणिताचे शिक्षक. घरात पत्त्यांचा कॅट कधी आला नाही. पत्ते फक्त फळ्यावर, 'बावन्न पत्त्यांतून एक पत्ता काढला तर तो राजा असण्याची संभाव्यता किती', एवढ्यापुरते. मी फोनवर धीर करून सांगितलं, "बाबा, मी पत्ते वाटते." मग विचारतात, "कॅट पूर्ण असतो ना? बावन्न मोजून घेतेस ना?" मीच हबकले. एवढंच?

आता पोकरचं एक समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. बाकीच्या खेळांत माणूस कॅसिनोविरुद्ध खेळतो. पोकरमध्ये माणसं एकमेकांविरुद्ध खेळतात. आम्ही फक्त जागेचं भाडं कापून घेतो. प्रत्येकाला दोन पत्ते गुपचूप मिळतात, मग मध्ये एकेक करून पाच पत्ते उघडे पडतात, आणि सगळं मिळून ज्याचं चांगलं जमेल तो जिंकतो. दर पत्त्यागणिक पैसे लावायचे, किंवा पत्ते टाकून सुटायचं. एकूण सुज्ञपणा म्हणजे सुटणं. म्हणूनच गावातले मुरलेले खेळाडू दिवसभर बसतात आणि दिवसभर पत्ते टाकतात. सगळेच सुज्ञ असले की पैसा हलत नाही. श्राद्धाच्या पंगतीसारखं टेबल असतं. सगळे गप्प, कुणीच आग्रह करत नाही.

मग यायची कन्व्हेन्शन. व्हेगसमध्ये दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या धंद्याचा मेळा. काँक्रीटवाले, दंतवैद्य, खेळणीवाले, अंत्यविधीचं सामान विकणारे (हो, त्यांचाही असतो, आणि फार हसरी माणसं असतात). दिवसभर सभागृहात फिरायचं, संध्याकाळी गळ्यात नावाचं कार्ड तसंच लटकवून आमच्याकडे. साडेपाचला हॉल सुटला की आमच्याकडे नुसती झुंबड. दुपारी दोन टेबलं चालू असायची तिथे संध्याकाळी पंधरा, आणि वर थांबलेल्यांची रांग. त्यांना सुटायला आवडायचं नाही. घरापासून इतक्या लांब येऊन पत्ते टाकायचे कशाला? सगळं लावायचे, हरायचे, बिअर मागवायचे, आणि मला म्हणायचे, "थँक यू नीलिमा, मजा आली."

आमच्याकडचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक वॉल्ट. सत्तरीचा, मासेमारीची टोपी, रिटायर्ड प्लंबर. वॉल्टच्या फ्रिजवर वर्षभराच्या मेळ्यांचं कॅलेंडर होतं. त्याला स्वतःच्या नातवाचा वाढदिवस आठवायचा नाही, पण काँक्रीटवाले कधी येणार ते तोंडपाठ. "काँक्रीटवाले देवमाणसं," तो म्हणायचा, "दंतवैद्य चिकट. आणि सॉफ्टवेअरवाले? अर्धे हिशेब करतात, अर्धे करतात असं दाखवतात." नाताळाआधीच्या दोन आठवड्यांत एकही मेळा नसायचा. तेव्हा वॉल्ट आणि त्याचे सोबती एकमेकांकडे असे बघत बसायचे, जसे एकाच आटलेल्या विहिरीत सगळ्यांनी पोहरे सोडलेत.

माझं दुःख वेगळं. डीलरनं सल्ला द्यायचा नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. समोरचा भला माणूस, गळ्यात 'अमुक टाइल्स' असं कार्ड, बायकोचा फोन दोनदा कापून, हमखास हरणाऱ्या पत्त्यांवर पैसे सरकवतोय, आणि मी संगमरवरासारखी. घरी पोरीनं एक मोबाइल हरवला तर तासभर बोलणारी मी! सुहास म्हणायचा, "तुझं सगळं न बोललेलं घरी येतं."

आणखी एक नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. डीलरचा हात कॅसिनोचा. टेबलावरून हात उचलायचा, तर आधी टाळी वाजवायची, दोन्ही तळवे उलटसुलट करून छताकडच्या कॅमेऱ्याला दाखवायचे, की बघा, काही लपवलं नाही. नाक खाजलं तरी आधी टाळी. पहिल्या वर्षी मी घरी पोळ्या लाटतानाही टाळी वाजवून मगच केस मागे सारायचे. रुचा, आमची मुलगी, मैत्रिणींना सांगायची, "डोन्ट वरी, शी'ज नॉट प्रेइंग."

तर तो सॉफ्टवेअरचा मेळा होता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक मुलगा माझ्या टेबलावर येऊन बसला. अठ्ठावीसेक वर्षांचा, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात निळ्या पट्ट्याचं कार्ड. अमेय जगताप, प्लेनो, टेक्सास. त्यानं माझा बिल्ला वाचला आणि चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, रचता रचता थांबला.

"अरे, सातारा? मावशी, तुम्ही मराठी?"

टेबलावर फक्त इंग्रजी बोलायचं, हा नियम सगळ्या पोकर रूममध्ये असतो. दोघांनी तिसऱ्याला न कळेल असं बोलून संगनमत करू नये म्हणून. मी चेहरा न हलवता म्हटलं, "इंग्लिश ओन्ली अॅट द टेबल, सर."

बिचारा कानकोंडा झाला. मला इतकं वाईट वाटलं, की दोन डाव झाल्यावर मीच इंग्रजीत विचारलं, साताऱ्यात कुठे? मग इंग्रजीतच एकेक निघालं. तो कुठल्या शाळेत, मी कुठल्या. "माय फादर टॉट मॅथ्स देअर," मी म्हटलं.

"व्हॉट नेम?"

"करंदीकर."

त्याचे डोळे चष्म्याबाहेर आले. "भूमितीवाले करंदीकर सर? मॅम, आय अॅम हिअर बिकॉज ऑफ हिम!"

"पत्ते," वॉल्ट खेकसला. "गावच्या गप्पा गावी."

मी पत्ते वाटले. आणि नेमका तोच डाव मोठा झाला. मध्ये राजा, राणी, नव्वी आणि दुर्री उघडी पडली होती. एकेक जण सुटला, आणि उरले वॉल्ट आणि अमेय. वॉल्टनं त्याच्या पुढ्यातलं सगळं पुढे सरकवलं. वॉल्ट सगळं सरकवतो म्हणजे त्याच्याकडे पत्ते असतातच. हे टेबलाला माहीत, मला माहीत, बाजूच्या खांबालाही माहीत. कुणीही शहाणा माणूस इथे पत्ते टाकतो. अमेयनं दोन मिनिटं विचार केला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "कॉल." म्हणजे तेवढेच पैसे मीही लावतो.

मी शेवटचा पत्ता उलटला. किलवरची सत्ती.

वॉल्टनं दोन एक्के उघडले. अमेयनं उघडल्या दोन सत्त्या. मधली धरून तीन. वॉल्टचे एक्के तिथेच कोलमडले. मी चिप्सचा ढीग अमेयकडे ढकलला. त्यानं हरखून त्यातली एक चिप मला बक्षीस म्हणून टाकली. त्याच क्षणी माझ्या खांद्यावर टकटक झाली. अर्धा तास झाला की दुसरी डीलर येऊन जागा घेते. ती लिंडा होती, फिलिपिन्सची, माझी मैत्रीण.

मी उठले. अमेयही उठला. मला वाटलं हात मिळवणार. तो टेबलाला वळसा घालून आला आणि भर पोकर रूममध्ये, दीडशे माणसांच्या देखत, खाली वाकला. दोन्ही हात माझ्या बुटांवर.

आणि माझा उजवा हात? चार वर्षं नाक खाजवायच्या आधी टाळी वाजवणारा तो शिस्तीचा हात थेट त्याच्या डोक्यावर गेला. टाळी नाही, तळवे नाहीत. "सुखी राहा बाळा," मी म्हटलं. मराठीत.

"फ्लोअर!" वॉल्टची आरोळी. म्हणजे सुपरवायझरला बोलवा. "तिच्या बुटात काय टाकलं त्यानं? बघा! बुटात!"

नंतर मला कळलं की डीलरच्या बुटात चिप्स सोडणं ही या धंद्यातली पणजोबांच्या काळची चोरी. आणि आम्ही काय काय करून बसलो होतो, तेही तेव्हाच क्रमानं डोळ्यांपुढे आलं. आधी परक्या भाषेत कुजबूज. मग ओळख निघाली. मग कुणीही लावणार नाही अशा पत्त्यांवर पैसे, आणि नेमका हवा तो पत्ता. मग बक्षीस. मग बुटाशी हात. चित्रपटातल्या चोरांनीसुद्धा इतकं उघड केलं नसतं.

पाहते तर अमेय नाही. गडबड बघून त्यानं चिप्स खिशात कोंबल्या होत्या आणि गर्दीत विरघळला होता. आशीर्वाद घेऊन पळालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

बिनखिडकीच्या खोलीत डॉसन बसले होते. कॅमेऱ्यांचे प्रमुख, पूर्वीचे पोलीस, दाराएवढे रुंद. त्यांनी बूट काढायला सांगितले. टाच दुखते म्हणून मी आत रबरी गादी घालायची. ती त्यांनी उजेडात धरून वाकवून, वास घेऊन पाहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग वरून घेतलेलं चित्रण लावलं. आवाज नसतो त्याला. वरून बघताना मलाही मी चोर दिसले.

"त्याच्या केसांत काय ठेवलंस?" डॉसननी विचारलं.

"आशीर्वाद," मी म्हटलं.

"त्याची किंमत किती?"

ते चेष्टा करत नव्हते. त्यांना तो चिपचा एखादा प्रकार वाटला असावा. मी समजावलं, आमच्यात मोठ्यांच्या पाया पडतात, मोठे डोक्यावर हात ठेवतात. लिंडानंही बाहेरून सांगून पाहिलं, की आमच्या फिलिपिन्समध्ये मोठ्यांचा हात कपाळाला लावतात, तसलंच हे. डॉसननी ऐकून घेतलं. "असेलही," ते म्हणाले. "पण तो पळाला का? उद्या संध्याकाळपर्यंत तो इथे येऊन सांगत नसेल, तर मला वर कळवावं लागेल." वर कळवणं म्हणजे माझं कामाचं कार्ड, कॅसिनोत काम करायचा परवाना, जाणार. आणि ते एका कॅसिनोत गेलं की गावातल्या सगळ्या कॅसिनोंत गेलं. सुहास तेव्हा सहा महिन्यांची कंत्राटं करत होता. घराचा हप्ता, तिघांचा विमा, सगळं माझ्या नोकरीवर.

घरी आल्यावर रुचानं ऐकलं आणि ती किंचाळली, "आई, यू टच्ड अ प्लेयर? विदाउट क्लॅपिंग?" घरात धक्का बसायचा तो तिला ह्याचा बसला.

सुहासनं प्लेनोतल्या मंडळाच्या ओळखीनं फोन लावले. प्लेनोत जगताप पुष्कळ निघाले. एका काकूंना अमेय माहीत नव्हता, पण त्यांचा भाचा कसा अमेयपेक्षा चांगला आहे हे त्यांनी सविस्तर सांगितलं आणि रुचाचं वय विचारलं. रुचा तेव्हा दहावीत. मेळ्याच्या आयोजकांनी नाव-पत्ता द्यायला साफ नकार दिला. शेवटी सुहास गॅरेजमधून एक खोक्याचा पुठ्ठा घेऊन आला. जाड मार्करनं त्यावर देवनागरीत लिहिलं, सातारा.

"ह्यानं काय होणार?" मी रडवेली.

"उद्या दुपारी मेळा संपतोय. सगळे एकाच दारातून बाहेर पडणार. इंग्रजी पाटीकडे कोण बघतं? हिच्याकडे बघणारा थांबेलच."

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉलच्या दाराशी, लिमोझिनच्या ड्रायव्हरांच्या ओळीत. त्यांच्या हातांत मोठ्या साहेबांच्या नावांच्या पाट्या, सुहासच्या हातात सातारा. आणि काय सांगू, माणसं थांबायला लागली!

"काका, मी कराडचा, चालेल का?"

"मी नागपूरची, आता ट्रॉयला असते. काही कार्यक्रम आहे का? जेवण आहे?"

स्टेट कॉलेज नावाच्या गावाहून आलेला एक विद्यार्थी तर पुठ्ठ्याबरोबर फोटोच काढून गेला. मी प्रत्येकाला विचारत होते, अमेय जगताप बघितलात का? कराडचा म्हणाला, "जगताप? आमच्या हॉटेलात होता यार. बॅग घेऊन येईलच."

आलाच. दारातून बाहेर पडला, मान वर केली, पाटी वाचली, मला पाहिलं. आणि गर्रकन वळून परत आत!

मी ओरडले तो आवाज माझा नव्हता. तो बाबांचा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "जगताप! उभा राहा!"

जगताप उभा राहिला. बाजूचा कराडचाही उभा राहिला. एक ड्रायव्हरसुद्धा.

जवळ गेले तर त्याचं तोंड पांढरं. "मावशी, सॉरी. मी घाबरलो. काल त्या वेळी मी ऑफिसच्या डिनरला असायला हवं होतं. माझा मॅनेजर इथेच आहे. एच-वनवर आहे मी, ग्रीन कार्डची फाइल आत्ताच लावलीय. सिक्युरिटीत नाव गेलं, ऑफिसला कळलं, तर..."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याच्या जागी आमचा सुहास दिसला, दोन हजार एकमधला. मी एवढंच म्हटलं, "तू आला नाहीस तर आज संध्याकाळी माझं कार्ड जाईल. तुझ्यावर सक्ती नाही."

तो बुटांकडे बघत उभा. मग हळूच, "सरांना कळलंय का?"

"अजून नाही."

मॅनेजरपेक्षा कुणाची भीती मोठी, हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं. त्यानं बॅग उचलली. "चला मावशी."

डॉसननी त्याला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. माझ्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या पाया पडून. अमेय वाकला तसे ते दाराएवढे डॉसन दचकून एक पाऊल मागे. "आणि आता मी काय करायचं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, डोक्यावर हात ठेवा, काहीतरी चांगलं बोला. त्यांनी पंजा ठेवला, विचार केला, आणि म्हणाले, "ड्राइव्ह सेफली."

मग चित्रण पुन्हा लावलं. तेच वाकणं, तोच हात. पण डॉसन अजून खुर्चीत मागे रेलले नव्हते. "हे ठीक आहे," ते म्हणाले. "आता मला हे सांग. समोर वॉल्ट. बोर्डावर राजा-राणी. त्यानं सगळं लावलंय. तुझ्याकडे दोन सत्त्या. पुढचा पत्ता तुला माहीत नव्हता, तर तू पैसे लावलेस कसे? काय हिशेब केलास?"

अमेयनं माझ्याकडे पाहिलं. करंदीकर सरांच्या मुलीकडे. कपाळावर घाम. एखादा खोटा हिशेब त्यानं रचून सांगितला असता तर तो लगेच उघडा पडला असता आणि आम्ही दोघेही गेलो असतो.

"हिशेब नाही केला," तो पुटपुटला. "सात माझा लकी नंबर आहे. मला वाटलं, येईल."

डॉसन त्याच्याकडे बघत राहिले. मग त्याच्या गळ्यातल्या निळ्या पट्ट्याच्या कार्डाकडे. मग पहिल्यांदाच हसले आणि फोन उचलून पोकर रूमला म्हणाले, "नीलिमाला उद्यापासून परत घ्या. मुलगा स्वच्छ आहे. कन्व्हेन्शनवाला आहे. चोर असं खेळत नाहीत."

मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. चार वर्षं ज्या बावळटपणाची कीव केली, त्यानंच माझं कार्ड वाचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डीलरांच्या चहाच्या खोलीत सूचना लागली: कोणत्याही कारणानं, धार्मिक धरून, हात टेबलाबाहेर नेण्याआधी टाळी वाजवावी. आणि वॉल्ट? तो आठवडाभर बोलला नाही. मग एका संध्याकाळी, काँक्रीटवाले येऊन बसत असताना, टोपी काढून टक्कल माझ्याकडे पुढे करत पुटपुटला, "ते पत्ता येण्याचं जे काही आहे, ते माझ्यावर चालतं का?" मी इतकी चकित झाले, की पहिल्यांदाच पत्ते पिसताना कॅट हातातून सांडला.

त्या रविवारी बाबांना फोन केला. म्हटलं, बाहेरून कळण्यापेक्षा आपणच सांगावं. बूट काढले इथपासून पुठ्ठ्यापर्यंत सगळं सांगितलं. जगताप आठवत होता त्यांना. प्रमेयं पाठ करायचा, म्हणाले. पाया पडल्याचं ऐकून खूश झाल्यासारखे वाटले. मग विचारलं, "पत्ते कोणते होते?"

मी सांगितले.

"चार उघडे, दोन त्याचे. न दिसलेले राहिले सेहेचाळीस. त्यांत सत्त्या दोन. म्हणजे तेविसात एकदा." मग खडू फळ्यावर आपटल्यासारखा प्रश्न आला. "आणि त्यानं सगळे पैसे लावले?"

"लावले, बाबा."

"हिशेब न करता?"

"लकी नंबर म्हणाला."

कॅसिनो, चोरीचा आळ, मुलीचे बूट, ह्यातल्या कशानंही न हललेला तो माणूस आता हलला. आवाज आला तो चढलेला, दुखावलेला.

"आणि तू त्याच्या डोक्यावर हात ठेवलास?"